संगणकाच्या बदलत्या आवृत्त्या आणि मराठी लेखनाची पूरक साधने : सातपाटी–पालघर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९८३ ते २०२४)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सामान्यतः प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रत्येक नवी आवृत्ती ही जुन्या आवृत्तीपेक्षा अधिक वेगवान, अधिक सोयीची आणि अधिक सुरक्षित असते, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे नाही; परंतु ते अपुरे आहे. मूळ प्रणालीची नवी आवृत्ती आली की तिच्या जुन्या आवृत्तीला जोडलेली लहानमोठी पूरक साधने अनेकदा निकामी होतात, आणि त्या साधनांवर ज्यांचे काम अवलंबून असते त्यांना ती प्रगती नुकसानीच्या रूपानेच भेटते. मराठी भाषेच्या बाबतीत ही घटना एकदा नव्हे, तर गेल्या चार दशकांत अनेकदा घडली आहे.

प्रस्तुत निबंधात या घटनाक्रमाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. त्यासाठी सातपाटी, पालघर आणि बोईसर–तारापूर हा परिसर संदर्भक्षेत्र म्हणून घेतला आहे. सातपाटी हे पालघर तालुक्यातील अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचे गाव असून पापलेटच्या मासेमारीसाठी आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांसाठी ते प्रसिद्ध आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल, सभासदांच्या याद्या, ग्रामपंचायतीच्या सूचना, शाळांच्या स्मरणिका, जत्रेची पत्रके असे ज्याला स्थानिक इतिहासाचे साधन म्हणता येईल ते बहुतेक लेखन अशा गावात मराठीतच होते. १९९० नंतर महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत डीटीपी केंद्रे उभी राहिली आणि हे लेखन खिळ्यांच्या छपाईकडून संगणकाकडे गेले. या लेखनाचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

मूळ प्रणाली, आवृत्ती आणि पूरक साधन

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. संगणक चालविणारी ऑपरेटिंग सिस्टिम, लेखन करण्याचा प्रोग्राम किंवा महाजाल पाहण्याचा ब्राउझर यांना येथे मूळ प्रणाली म्हटले आहे. मूळ प्रणालीत जी सोय नाही ती पुरविण्यासाठी बाहेरून जोडलेले कार्ड, फाँटचा संच किंवा ज्याला ॲड-ऑन म्हणतात तो लहान प्रोग्राम म्हणजे पूरक साधन होय.

पूरक साधन मूळ प्रणालीच्या विशिष्ट आवृत्तीची अंतर्गत रचना गृहीत धरून तयार केलेले असते. शिडाच्या होडीला यंत्र बसविले की डोलकाठी, शीड आणि त्यांचे दोर यांचे काम संपते. त्या वस्तू मोडलेल्या नसतात. त्या ज्या व्यवस्थेचा भाग होत्या ती व्यवस्था बदललेली असते. संगणकाच्या पूरक साधनांचेही असेच होते. फरक एवढाच की, होडीच्या बाबतीत निर्णय होडीच्या मालकाचा असतो, तर संगणकाच्या बाबतीत तो दूरच्या उत्पादकाचा असतो.

इंग्रजी भाषेला मूळ प्रणालीत प्रारंभापासून स्थान होते. मराठीला मात्र दीर्घकाळ पूरक साधनाच्या आश्रयाने राहावे लागले. म्हणून आवृत्तीबदलाची किंमत दोन्ही भाषांना सारखी पडली नाही.

पहिला टप्पा : जिस्ट कार्ड

संगणकावर देवनागरी आणण्याच्या प्रयत्नांत कानपूरच्या आय.आय.टी.चे कार्य पायाभूत मानले जाते. १९८३ मध्ये दिल्ली येथे झालेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथे विकसित झालेल्या देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. या कार्यात मोहन तांबे यांचा वाटा महत्त्वाचा होता. १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे संशोधन जिस्ट या नावाने तेथे पुढे चालू राहिले. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा समान कळफलक निश्चित झाला होता. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की या संकेतपद्धतीस मानक म्हणून मान्यता दिली.

जिस्ट कार्ड हे शब्दशः पूरक साधन होते. संगणक उघडून त्यातील आयएसए प्रकारच्या स्लॉटमध्ये ते बसविले जाई. डॉसवर चालणाऱ्या डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या इंग्रजी प्रोग्राममध्येही त्यामुळे देवनागरी अक्षरे दिसत. इस्कीत अक्षर हे अक्षर म्हणून साठविले जात असल्याने याद्या वर्णानुक्रमे लावणे, नाव शोधणे ही कामेही शक्य होती.

ही व्यवस्था डॉसच्या पडद्यावर अक्षरे दाखविण्याच्या पद्धतीवर उभी होती. १९९२ मधील विंडोज ३.१ आणि विशेषतः ऑगस्ट १९९५ मधील विंडोज ९५ यांमुळे कामकाज चित्रात्मक पडद्यावर गेले. तेथे कार्डाची युक्ती लागू पडत नव्हती. पुढे २००० च्या सुमारास आयएसए स्लॉटच नव्या संगणकांवरून नाहीसा झाला, त्यामुळे कार्ड शाबूत असले तरी ते बसवायला जागा उरली नाही. आशयाच्या दृष्टीने अधिक शास्त्रशुद्ध असलेली पद्धत अशा रीतीने आवृत्तीबदलामुळे मागे पडली आणि तिची जागा तुलनेने कच्च्या पद्धतीने घेतली.

दुसरा टप्पा : फाँटचे युग

विंडोजच्या काळात मराठीचा भार फाँटवर आला. सी-डॅकची आय.एस.एम. प्रणाली, पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केप कंपनीची आकृती असे संच प्रचारात आले. पेजमेकर या पृष्ठरचनेच्या प्रोग्रामबरोबर ते वापरून राज्यभर मराठी छपाई होऊ लागली. मराठी मुद्रण स्वस्त आणि सर्वत्र सुलभ करण्याचे श्रेय या संचांना निःसंशय द्यावे लागेल.

तथापि या फाँटमध्ये अक्षर नव्हे, तर अक्षराचा आकार साठविला जाई. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ स्थानांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत, आणि कोणता तुकडा कोठे बसवायचा हे प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने ठरवी. ‘सातपाटी’ हाच शब्द उदाहरणादाखल घेता येईल. अनेक फाँटमध्ये स, त आणि प ही अक्षरे पूर्ण स्वरूपात नसत. अर्धे अक्षर आणि त्यापुढे उभा दंड अशा दोन तुकड्यांत ती साठविली जात. काना हाही तोच उभा दंड असे. परिणामी कागदावर शब्द निर्दोष छापला जाई, पण संगणकाच्या लेखी तो शब्द नसून रेषांची रांग असे. ‘जिल्हा’ या शब्दात वेलांटी आधी आणि ‘ज’ नंतर साठविला जाई. त्यामुळे अशा मजकुरात शोध घेणे किंवा सभासदांची यादी अकारविल्हे लावणे सरळपणे शक्य नव्हते.

या टप्प्यावर आवृत्तीबदलाचे आघात अनेक बाजूंनी झाले. अनधिकृत प्रती टाळण्यासाठी काही संचांसोबत संगणकाच्या पॅरलल पोर्टला लावायचे कुलूप दिले जाई. हे पोर्ट पुढील काळातील संगणकांवरून गेले. ६४ बिट विंडोजवर डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्राम चालेनासे झाले, तसेच अधिकृत स्वाक्षरी नसलेले जुने ड्रायव्हर ती स्वीकारीनाशी झाली. पेजमेकरची शेवटची, म्हणजे सातवी, आवृत्ती २००१ मध्ये निघाली. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइन या प्रोग्रामची पूरक साधने प्रत्येक मुख्य आवृत्तीसाठी नव्याने तयार करावी लागतात. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार थांबविला.

व्यवहारात यातून दोनच मार्ग उरत. एक, सर्व संच नव्याने विकत घेणे. आणि दोन, जुना संगणक तसाच जपून ठेवणे. लहान छापखान्यांच्या दृष्टीने दुसरा मार्ग स्वस्त होता. मात्र त्या एका संगणकाची हार्डडिस्क बिघडली की त्यातील मजकूर वाचण्याची सोयही त्याबरोबर जाई.

महाजालावरील मराठी : ब्राउझर आणि ॲड-ऑन

महाजालावर हा प्रश्न अधिक उघडपणे दिसला. वाचकाच्या संगणकावर विशिष्ट फाँट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक ओळ दिसे. यावर उपाय म्हणून १९९७ मध्ये नेटस्केपच्या आणि इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्त्यांत पानाबरोबरच फाँट पाठविण्याची सोय आली; परंतु दोघांची पद्धत वेगळी होती. २००० मधील नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीने आपली जुनी पद्धत सोडून दिली. इंटरनेट एक्स्प्लोररची पद्धत त्या ब्राउझरपुरतीच मर्यादित राहिली आणि त्याचे युगही पुढे संपले.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर प्रसिद्ध झाला. त्याला ॲड-ऑन जोडता येत. ‘पद्मा’ हे असेच एक ॲड-ऑन होते. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांच्या स्वतंत्र फाँटमधील मजकूर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून दाखवी. ज्या काळी अनेक भारतीय वृत्तपत्रे आपापला फाँट वापरीत होती, त्या काळी या साधनाचे मोल मोठे होते.

फायरफॉक्सच्या प्रत्येक ॲड-ऑनमध्ये ते ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल याची नोंद असे. ब्राउझर पुढच्या आवृत्तीवर गेला आणि ॲड-ऑनच्या कर्त्याने ती नोंद सुधारली नाही, तर ॲड-ऑन आपोआप बंद होई. मग प्रत्यक्षात त्यात काही दोष असो वा नसो. २०११ च्या मध्यापासून फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या सुमारे सहा आठवड्यांनी निघू लागल्या, तेव्हा ही अडचण तीव्र झाली. जानेवारी २०१२ मधील दहाव्या आवृत्तीपासून बहुतेक ॲड-ऑन चालण्यायोग्यच मानावेत असे धोरण ठरले, आणि संस्थांसाठी दीर्घकाळ आधार असलेली स्वतंत्र आवृत्तीही उपलब्ध झाली. म्हणजेच आवृत्तीबदल आणि जुन्या साधनांचे रक्षण यांत समतोल साधणे अशक्य नसते.

तथापि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची सर्वच ॲड-ऑन बंद केली. पद्मासारखी साधने ज्या रचनेवर उभी होती ती रचनाच काढून टाकण्यात आली. २०१८ मध्ये मोझिलाने आपल्या अधिकृत संग्रहातूनही जुनी ॲड-ऑन हटविली. या निर्णयामागील कारणे सबळ होती, हे येथे नमूद केले पाहिजे. जुन्या ॲड-ऑनना ब्राउझरच्या अंतर्गत रचनेत मुक्त प्रवेश होता. त्यामुळे सुरक्षिततेला धोका निर्माण होई आणि ब्राउझरची पुनर्रचना करणे अवघड होई. उत्पादकाची बाजू योग्य असूनही वापरकर्त्याचे नुकसान होऊ शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

युनिकोड : पूरक साधनाकडून मूळ प्रणालीकडे

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. म्हणजे जिस्ट कार्डाबरोबर व्यवहारातून मागे पडलेला विचार जागतिक मानकाच्या रूपाने परत आला. २००० मधील विंडोजमध्ये मंगल या फाँटसह देवनागरीला मूळ प्रणालीत स्थान मिळाले. एक्सपीमध्ये ती सोय मूळ सीडीवरून वेगळी बसवावी लागे. २००७ मधील व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरविले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया प्रारंभापासून युनिकोडमध्ये असल्याने त्याचा मजकूर त्यानंतरच्या कोणत्याही आवृत्तीबदलात वाया गेला नाही. त्याच वर्षी एखाद्या खासगी फाँटमध्ये जुळविलेल्या स्मरणिकेबाबत असे खात्रीने म्हणता येणार नाही.

युनिकोडनंतरही प्रश्न पूर्णपणे संपले नाहीत. पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेस सातपाटीचा दर्या आहे आणि पूर्वेस जव्हार–मोखाड्याच्या दऱ्या आहेत. हे दोन शब्द मराठीत भिन्न आहेत. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात पापणीसारखा दिसणारा अर्धा र. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज भासत नाही. ते लिहिण्याच्या दोन पद्धती युनिकोडमध्ये मान्य आहेत, त्यामुळे डोळ्यांना सारखा दिसणारा ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठविलेला असू शकतो आणि शोधात त्यांतील एकच सापडतो. जुन्या फाँटमधील मजकूर रूपांतरित करताना त्या तुकड्याची नोंद कोष्टकात नसेल, तर दऱ्यांचा दर्या होण्याची शक्यता असते. तसेच तारापूरच्या अणुवीज केंद्राचे इंग्रजी नाव मराठीत लिहिताना जे ‘ॲ’ लागते, ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये त्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

रुपयाच्या चिन्हाचे उदाहरणही बोलके आहे. जुलै २०१० मध्ये हे चिन्ह स्वीकारले गेले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत आले. मधल्या काळात इंग्रजीतील एका विरामचिन्हाच्या जागी रुपयाचा आकार बसविलेला फाँट लोकप्रिय झाला. त्या फाँटमधील हिशेब दुसऱ्या संगणकावर उघडला की रुपयाच्या जागी ते विरामचिन्हच दिसे. १९९० च्या दशकातील चूक वीस वर्षांनी तशीच पुन्हा घडली.

इतिहासाच्या साधनांवरील परिणाम

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या घटनाक्रमाचे महत्त्व वेगळे आहे. तारापूरनजीकच्या चिंचणी येथे १९५५ मध्ये सापडलेल्या ताम्रपटांत राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचा शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट आहे. तो आजही वाचता येतो, कारण लेखनाचे साधन आणि लेखन ही तेथे एकच वस्तू आहे. मोडी कागदपत्रांची स्थिती थोडी निराळी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शालेय शिक्षणातून मोडी गेली आणि वाचक कमी झाले. तरी कागद आणि अक्षर दोन्ही शिल्लक असल्याने शिकलेला वाचक ते वाचू शकतो. संगणकीय फाँटमधील मजकुराची स्थिती या दोहोंहून नाजूक आहे. तेथे संचिका शिल्लक असली तरी अक्षर शिल्लक नसते. ते मिळविण्यासाठी मूळ फाँट किंवा त्याच्या संकेतांचे कोष्टक लागते. फाँट ही या मजकुराची किल्ली होय. ती हरवली की मजकूर असून नसल्यासारखा होतो.

स्थानिक इतिहासाला याचा फटका अधिक बसतो. मोठ्या वृत्तपत्रांकडे आणि प्रकाशकांकडे रूपांतराची साधने व मनुष्यबळ असते. सातपाटी, मुरबे, केळवे यांसारख्या गावांतील सहकारी संस्था, शाळा व ग्रामपंचायती यांच्यासारख्या लहान संस्थांकडे ते असतेच असे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहिताना १९९० ते २०१० या काळातील गावपातळीवरील लेखन अत्यावश्यक ठरेल. आणि नेमका हाच काळ फाँटच्या युगाचा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा छापील अहवाल हाती लागावा आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा संगणकीय अहवाल उघडू नये, असा विपर्यास येथे संभवतो.

वर्तमानातील प्रस्तुतता

हा प्रश्न केवळ जुन्या कागदपत्रांपुरता मर्यादित नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या दळणवळण व साहाय्य प्रणालीचा प्रारंभ झाला. तिच्याअंतर्गत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत टप्प्याटप्प्याने १ लाख ट्रान्सपाँडर बसविण्याची योजना जाहीर झाली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या यंत्रामुळे नौकेवरून संकटाचा संदेश पाठविता येतो आणि किनाऱ्यावरून हवामानाचा इशारा नौकेपर्यंत पोहोचविता येतो. मच्छीमाराच्या मोबाइलवरील ‘नभमित्र’ हे ॲप त्याला जोडले जाते.

या योजनेचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तिच्या रचनेत तीन घटक आहेत : नौकेवरील यंत्र, मोबाइलवरील ॲप आणि मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्र अनेक वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते, तर मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टिम जवळजवळ दरवर्षी बदलते. म्हणून जुन्या मोबाइलवर आणि आधी बसविलेल्या यंत्रावर नवे ॲप किती वर्षे चालेल, याचे लेखी आश्वासन अशा योजनेचा भाग असणे आवश्यक आहे. छापखान्यात पूरक साधन बंद पडले तर अहवाल अडतो. खोल समुद्रात ते बंद पडले तर प्रश्न जीविताचा असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, आवृत्तीबदलात पूरक साधने निकामी होणे ही अपघाती घटना नसून ती त्या व्यवस्थेच्या रचनेतच अंतर्भूत आहे. जिस्ट कार्ड, फाँटचे संच आणि ब्राउझरची ॲड-ऑन या तिन्ही टप्प्यांत तोच क्रम आढळतो.

दुसरा, मराठीचे नुकसान झाले ते ती संगणकाच्या मूळ प्रणालीत नव्हती म्हणून. ज्या क्षणी तिला युनिकोडद्वारे मूळ प्रणालीत स्थान मिळाले, त्या क्षणापासून तिचा मजकूर आवृत्तीबदलात टिकू लागला. मराठीच्या ज्या गरजा आजही पूरक साधनांवर सोपविल्या जातात, त्या मानकांत आणि मूळ प्रणालीत आणण्याचा आग्रह धरणे हे भाषाविषयक धोरणाचे अंग मानले पाहिजे.

तिसरा, जुन्या फाँटमधील मजकुराचे रूपांतर हे लिप्यंतराइतकेच जबाबदारीचे काम आहे. महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व संगणकशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील संस्थांकडील संचिका, त्यांचे फाँट आणि शक्य तेथे ते चालविणारे जुने संगणक यांची नोंद करावी. रूपांतरित मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहावा आणि मूळ संचिका नष्ट करू नये. दर्या आणि दऱ्या यांतील भेद यंत्राला सांगावा लागतो. तो जाणणारे वाचक परिसरात आहेत आणि काही ठिकाणी जुने संगणकही अद्याप चालू स्थितीत आहेत, तोवरच हे काम कमी श्रमात होण्यासारखे आहे.